डावीकडं ओढणारी दांडी

कंट्रोलर दिवाणावर पडला होता आणि त्याला कोणाचाही हात लागलेला नव्हता. मामाजी मोरीकडं गेले होते, मी चहाचे कप उचलायला खोलीत आले होते. टीव्हीवर त्यांचा ट्रॅक्टर वावराच्या मधोमध उभा होता. उभा होता खरा, पण त्याची पुढची चाकं हळूहळू डावीकडं वळत होती. पार वळून टोकाला जाऊन थांबली. मी कप परत खाली ठेवले.

मला अशा गोष्टी पाहून पुढं जाता येत नाही. मी अमरावतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांचं रक्त काढायचं, काचेवर पसरायचं, भिंगाखाली धरायचं आणि तिथं काय चाललंय ते पाहायचं, यात माझा दिवस जातो. घरीही तीच खोड. मिक्सर बंद पडला की नवरा नवा आणायचं बोलायला लागतो, तोवर मी जुन्याचा तळ उघडलेला असतो. उघडल्यावर तो दुरुस्त होतोच असं मुळीच नाही. पण आत काय आहे ते कळतं, आणि तेवढ्यावर माझं समाधान होतं. नवऱ्याचं होत नाही, तो त्याचा प्रश्न आहे.

मी कंट्रोलर उचलला. त्याच्या डाव्या बाजूला अंगठ्यानं फिरवायची एक बुटकी दांडी असते, तिच्यावर ट्रॅक्टर वळतो. ती मी उजवीकडं ढकलली, सोडली. चाकं सरळ झाली, क्षणभर थांबली आणि पुन्हा डावीकडं निघाली. पुन्हा ढकलली, पुन्हा तेच. मामाजी परत आले तेव्हा मी दिवाणावर त्यांच्या जागी बसून हाच खेळ करत होते. ते दारात थांबले, पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला तेव्हा खटकायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष चाकांकडं होतं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामाजीच म्हणतात. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला त्यांचं गाव, तिथं काळ्या जमिनीचं बऱ्यापैकी वावर. सासूबाई गेल्यावरही ते गावीच राहिले, एकटे, आपल्या हातानं भाकरी थापून. मागच्या वर्षी ते विहिरीजवळ पडले. शेजारच्या वावरातली माणसं दुपारी जेवायला झाडाखाली आली तेव्हा त्यांना दिसले, तोवर ते उन्हात पडून होते. दवाखान्यातून सुटल्यावर माझ्या नवऱ्यानं त्यांना गावाकडं जाऊच दिलं नाही, सरळ अमरावतीला आणलं. वावर बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलं, बैलजोडी विकली. बैल विकले तेव्हा मामाजी अजून दवाखान्यातच होते.

इथं आल्यावर त्यांनी बोलणं टाकलं. रागावले होते असं नाही. हो म्हणायचे, नाही म्हणायचे, भाजी चांगली झाली म्हणायचे, आणि मग गॅलरीत बसून समोरच्या अपार्टमेंटच्या पाण्याच्या टाक्या पाहायचे. दिवसचे दिवस असे गेले. आमचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला होता आणि त्याचं जुनं गेमचं मशीन इथेच राहिलं होतं. दिवाळीला आला तेव्हा त्यानं सहज त्यावर शेतीचा गेम लावला. वावर, नांगर, पेरणी, सगळं असलेला. मामाजी मागं खुर्चीवर बसले होते. बराच वेळ पाहून ते म्हणाले, “एवढ्या वल्ल्या मातीत नांगर घालते का कोनी?”

इतक्या महिन्यांत त्यांनी आपणहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. नातवानं कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. तो पुण्याला परत गेला आणि मामाजी शेती करायला लागले. जन्मभर त्यांनी बैलांवर शेती केली, ट्रॅक्टर लागला तर भाड्यानं सांगितला, त्याच्या सीटवर ते कधी बसले नव्हते. आता रोज बसत होते. जेवताना सांगायचे, धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत झालं, उरलेलं उद्या. गेम बनवणाऱ्यांना पऱ्हाटीचं, कपाशीचं काही कळत नाही, दोन ओळींत किती अंतर सोडलंय पाहा, यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला एकदा भरपूर ऐकवलं, जसा काही तो गेम त्यानंच बनवला होता. मला फार मजा आली. मला मामाजी आवडतात. हे स्पष्टच लिहिते, कारण सुनेनं सासऱ्याबद्दल चांगलं बोललं की लोकांना ती रीतभात वाटते.

मग त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज आली. आधी शर्टाची गुंडी लागेना, मग भाकरीचा तुकडा मोडताना चेहरा वाकडा व्हायला लागला. माझ्या नवऱ्यानं एका संध्याकाळी निकाल दिला.

“आबा, हे बंद. उद्या मशीन माळ्यावर टाकतो.”

“टाक,” मामाजी म्हणाले. “आन मले गावाले नेऊन टाक. इथं बसून काय भिंती मोजू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची कापडी पिशवी दाराजवळ भरून ठेवलेली. दोन धोतरं, बंड्या, पंचा, चष्म्याची डबी, गोळ्या. महिनाअखेरीच्या रविवारी नवऱ्याला सुट्टी होती, तेव्हा सोडून यायचं ठरलं. नवरा ‘जाऊ दे, चार दिवस राहतील आणि कंटाळतील’ म्हणत होता. मला तसं वाटत नव्हतं. ते कंटाळणार नव्हते. ते तिथेच राहणार होते, एकटे, त्याच विहिरीच्या आजूबाजूला, आणि या खेपेला शेजारच्या वावरात कोणी जेवायला आलंच नाही तर? मला भीती वाटत होती. मशीन अजून माळ्यावर गेलं नव्हतं ते केवळ मी शिडी द्यायला टाळाटाळ करत होते म्हणून, आणि मामाजी राहिलेले दिवस दुखऱ्या अंगठ्यानं शेती उरकत होते.

म्हणून ती चाकं आपोआप वळताना पाहिली तेव्हा मला जो आनंद झाला तो विचारू नका. ट्रॅक्टर डावीकडं जातो म्हणजे तो सरळ ठेवायला अंगठा सतत उजवीकडं रेटून धरावा लागणार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. म्हणूनच डावाच अंगठा, म्हणूनच मुळाशी सूज. अंगठ्याला काही झालेलं नव्हतं, दांडी आजारी होती! दांडी बदलली की सूज जाईल, सूज गेली की मशीन राहील, मशीन राहिलं की मामाजी राहतील. इतकं सरळ गणित मला आयुष्यात क्वचितच सापडलं आहे.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मंग नवा आनू ना.” त्या जुन्या मशीनला चालणारे नवे कंट्रोलर आता मिळत नाहीत. जवळच्या मोबाइलच्या दुकानात नेला तर तिथल्या माणसानं दांडी एकदा गोल फिरवली आणि ‘इसको छोडो, दुसरा मशीन लेलो’ म्हणून परत दिला. उघडूनसुद्धा पाहिला नाही. मला माणसाच्या अशा वागण्याचा फार राग येतो. नुसती दांडी मात्र ऑनलाइन मिळत होती. ती आली, नखाएवढ्या प्लास्टिकच्या पुडीत, आणि मी मशीन, कंट्रोलर आणि ती पुडी घेऊन अकोल्याची बस पकडली.

अकोला माझं माहेर. माझे वडील तिथं घराच्या पुढच्या खोलीत रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. दुकान कधीच बंद झालं, पण टेबल तिथेच आहे, टेबलावरचा दिवा तिथेच आहे आणि सोल्डरिंग आयर्न त्याच जुन्या स्प्रिंगमध्ये खोचलेलं आहे. वडिलांना आता बारीक दिसत नाही. माणूस ओळखतात, पेपराचा मथळा वाचतात, त्याखालचं सगळं त्यांना राखाडी दिसतं. पण मी काहीतरी उघडायला आणलंय म्हटल्यावर ते जेवण अर्धं टाकून उठले, आणि आई स्वयंपाकघरातून आम्हा दोघांवर ओरडली.

वडिलांची एक पद्धत होती. गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं की ते तो लगेच घेत नसत. “लावा तुमी, मी पाहतो,” म्हणत आणि त्या माणसाला स्वतःच्या हातानं लावायला लावत. तो बटण कसं धरतो, किती जोरानं पिळतो, रेडिओ उचलताना वायरीला धरून उचलतो का, ते पाहत बसत. लहानपणी मला हा प्रकार वेळखाऊ वाटायचा. त्यांनी आता कंट्रोलर हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि विचारलं, “चालवनारा कुठी हाये?”

“अमरावतीले. मामाजी चालवते.”

“मंग तू अर्धंच आनलं.”

“बाबा, हा काही रेडिओ नाई,” मी म्हटलं. ते पेचकस शोधायला लागले.

उघडताना एक गोष्ट दिसली आणि मी ती तशीच सोडून दिली. दांडीच्या डोक्यावर रबराची वाटीसारखी टोपी असते. तिची कड सगळीकडं खरखरीत होती, फक्त उजव्या बाजूला गुळगुळीत झाली होती. मी वडिलांना सांगितलं, त्यांनी ‘हं’ केलं आणि आम्ही पुढं गेलो.

आत हिरवा बोर्ड आणि त्यावर दांडीची चौकोनी डबी. डबीच्या दोन बाजूंना आणखी दोन चपट्या डब्या, एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या. मी पाहून सांगत होते आणि वडील करंगळीच्या नखानं तपासत होते. दुसऱ्या डबीवर त्यांचं नख थांबलं आणि ते एकदम हसायला लागले.

“अवं, हे तं व्हॉल्यूम हाये!”

खरंच तेच होतं. रेडिओचा आवाज कमीजास्त करायच्या बटणामागं जी चकती असते तीच, फक्त मुंगीच्या संसाराला पुरेल एवढी. आत कार्बनची काळी पट्टी आणि तिच्यावरून घासत फिरणारं पितळी बोट. बोट पट्टीवर कुठं टेकलंय त्यावरून मशीनला कळतं दांडी कुठं आहे. एक व्हॉल्यूम डावं-उजवं सांगतो, दुसरा पुढं-मागं. म्हणजे मामाजी इतके दिवस रेडिओचं बटण पिळून नांगरत होते. वडिलांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी आईला बोलावून सांगितली. आईनं विचारलं, मग आवाज कुठून येतो? तिला समजावण्यात आमचा थोडा वेळ गेला.

रेडिओच्या व्हॉल्यूमवर वडिलांचा उपाय ठरलेला. खरखर आली की दोन थेंब पेट्रोल सोडायचं आणि बटण गरागरा फिरवायचं. पेट्रोल नको म्हणून मी पर्समधलं लॅबचं स्पिरिट काढलं. सोडलं, फिरवलं, सुकू दिलं, मशीन वडिलांच्या टीव्हीला जोडलं. ट्रॅक्टरची चाकं सरळ! वडील म्हणाले, पाह्यलं? आम्ही चहा घेतला. चहा संपेपर्यंत चाकं डावीकडं गेली होती.

मग बदलणं आलंच. जुन्या दांडीचे पाय बोर्डातून आरपार गेलेले आणि पलीकडून कथिलानं पक्के धरलेले. एकेक पाय गरम करायचा, कथिल वितळलं की पंपानं ओढून घ्यायचं. शेवटचा पाय सुटेपर्यंत पहिला पुन्हा चिकटतो. मी वैतागून जरा जास्त वेळ आयर्न टेकवलं तर वडील खुर्चीवरून म्हणाले, “थांब, वास येऊन राहिला. बोर्ड जळन.” त्यांना दिसत नव्हतं, पण नाक जागं होतं. मी आयर्न उचललं, शिव्या दिल्या, अर्थात मनात, आणि पुन्हा सुरू केलं. जुनी दांडी सुटली तेव्हा आम्हा दोघांच्याही कपाळावर घाम होता. नवी बसवणं त्या मानानं सोपं गेलं.

टीव्ही लावला. ट्रॅक्टर उभा. मी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि हात मागं घेतले.

“उभा हाये?” वडिलांनी विचारलं. त्यांना पडद्यावर नुसता लाल डाग दिसत होता.

“उभा हाये.”

“चाकं?”

“सरळ.”

आम्ही पुन्हा चहा घेतला. चाकं सरळच राहिली. वडिलांनी जुनी दांडी रिकाम्या सुपारीच्या डबीत घालून मला दिली. दुरुस्तीतून निघालेला पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा, हा त्यांच्या दुकानाचा नियम होता. परतीच्या बसमध्ये मी गाणं गुणगुणत होते, असं शेजारच्या बाईनं मला सांगितलं.

घरी पोचले तेव्हा मामाजी दिवाणावर होते. मी मशीन जोडलं, कंट्रोलर त्यांच्या हातात दिला आणि समोर उभी राहिले, टाळ्या वाजवायच्या तयारीत. ट्रॅक्टर सुरू झाला आणि उजवीकडं निघाला. नांगरलेली तासं मोडत, धुरा ओलांडत, थेट नाल्यात. मामाजींनी तो बाहेर काढला. पुन्हा उजवीकडं, पुन्हा नाला. तिसऱ्या वेळी त्यांनी कंट्रोलर दिवाणावर ठेवून दिला.

“हा माहा नाई,” ते म्हणाले.

“तोच हाये मामाजी. फक्त दांडी नवी टाकली.”

“चांगला व्हता तो बिघडवून आनला.”

मला संताप आला. अकोल्यापर्यंत जाऊन, बोटं भाजून घेऊन, तुमचा अंगठा वाचावा म्हणून हे केलं, आणि तुम्ही म्हणता बिघडवला, असं मी जोरात म्हटलं. ते उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनला हात लावला नाही. नवऱ्यानं शिडी स्वतःच शोधून काढली आणि दिवाणाला टेकवून ठेवली. महिनाअखेरीचा रविवार तोंडावर आला होता. मी हे केलंच नसतं तर ते निदान दुखऱ्या अंगठ्यानं का होईना खेळत राहिले असते, असं मला वाटायला लागलं.

सुपारीची डबी माझ्या पर्समध्येच होती. जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये कोणी नव्हतं. डबा उघडण्याऐवजी मी ती डबी उघडली, जुन्या व्हॉल्यूमचं झाकण चिमट्यानं काढलं आणि कार्बनची पट्टी भिंगाखाली ठेवली. एवढी झिजून खराब झाली आहे तर कशी झिजली, एवढंच मला पाहायचं होतं. वाटलं होतं मधोमध खड्डा पडला असेल, कारण दांडी सोडली की मध्ये येते, सगळ्यात जास्त वेळ तिथंच असते. पण मधला भाग काळा कुळकुळीत, जवळजवळ कोरा. झीज सगळी एका अंगाला होती. थोडीशी उजवीकडं, एकाच जागी घासून घासून पट्टी खालपर्यंत गेलेली.

मी बराच वेळ भिंगात डोळा घालून बसले. ही दांडी मामाजींच्या हातात असताना मध्ये अशी कधी उभी राहिलीच नव्हती. त्यांनी तिला कायम थोडं उजवीकडं धरलं होतं, रोज, तेवढंच. आधी दांडी डावीकडं ओढायला लागली की आधी कशानं तरी अंगठा उजवीकडं गेला आणि त्यानं पट्टी झिजली, हे मला तेव्हा सांगता येत नव्हतं. पण एवढं अचूक धरणाऱ्या माणसाला दांडी ओढते हे माहीत नसेल, हे शक्यच नव्हतं. टोपीची गुळगुळीत कडही हेच सांगत होती. आणि मी अर्धंच नेलं होतं.

संध्याकाळी मी गॅलरीत गेले. “मामाजी, एकदा चालवून दाखवा. मी काही बोलत नाई, फक्त पाहते.” त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं, पण उठले. मी या वेळी टीव्हीकडं पाठ केली आणि त्यांच्या हाताकडं पाहिलं. ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आधीच अंगठा उजवीकडं गेला.

“तुमाले माहीत होतं,” मी म्हटलं. “तो डावीकडं ओढते म्हनून.”

“पयल्या दिवसापासून.” त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं. “माहा डावा बैल असाच व्हता. थो डावीकडं ओढे. पेरताना तिफन उजव्या हातानं जरा दाबून धरा लागे, मंग तास सरळ. दिवसभर दाबा लागे. हातालेच समजते ते, सांगा नाई लागत.”

“अंगठा सुजला तरी?”

“हात तं बैलापायीबी दुखेच.”

“मंग सांगतलं काहून नाई तुमी?”

त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. “आपल्या बैलाची खोड कोनी सांगते का? सांगतली का लोक म्हनते, इका. पोरगा काय म्हनला? नवा आनू. मले माहीत व्हतं.”

मला हसू आलं होतं, ते त्यांच्या पुढच्या वाक्यानं गेलं.

“म्या एकदाच खोड सांगतली,” ते म्हणाले. “माही. दवाखान्यात डाक्टरनं इचारलं, बाबा, चक्कर आधी कधी आली व्हती का? म्या म्हनलं, येते अधूनमधून. पोरगा बाजूले उभा व्हता. झालं. मी खाटेवरच व्हतो आन बैल गेले, वावर गेलं, मले इथं आनलं. मले कोनी इचारलं नाई.”

त्यांनी हे आवाज न चढवता सांगितलं. दवाखान्यात खाटेच्या दुसऱ्या बाजूला मी उभी होते. आम्ही त्यांच्या भल्यासाठीच ते ठरवलं होतं, आजही मला ते चूक वाटत नाही, आणि तरी मला त्यांच्याकडं पाहवेना. खूप वाईट वाटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, “मामाजी, आता तुमाले इचारल्याशिवाय या घरात कोनी काही ठरवनार नाई. मी शब्द देते.”

“तू देतं पोरी,” ते म्हणाले. “त्या डाव्या बैलालेबी म्या शब्द देल्ला व्हता.”

आम्ही दोघंही टीव्हीकडं पाहत बसलो. ट्रॅक्टर नाल्याच्या काठाला उभा होता. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “हा नवा हात सोडला तं कुठी जाते?”

“कुठी नाई जात. सरळ जाते.”

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी ट्रॅक्टर वावरात आणला, तासाला लावला, वेग दिला आणि अंगठा दांडीवरून उचलला. उचलून तो तसाच वर धरून ठेवला, पुन्हा टेकवायच्या तयारीत. ट्रॅक्टर चालत राहिला. तास सरळ पडत गेलं, वावराच्या मध्यापर्यंत, मग पलीकडच्या धुऱ्यापर्यंत. अंगठा वरच होता.

“असा बैल म्या पाह्यला नाई,” ते म्हणाले. आणि मग, त्याच आवाजात, माझ्याकडं न पाहता, “येते अजून.”

“काय?”

“चक्कर. सकाळी उठल्यावर येते. भिंतीले धरून उभा राह्यतो, मंग जाते.”

मी लगेच काही बोलले नाही, आणि माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते मलाच माहीत. मग मी विचारलं, “डॉक्टरले सांगू?”

“डाक्टरले सांग. पोराले नको.”

डॉक्टरांकडं आम्ही दोघंच गेलो. मी बोलले नाही, त्यांनीच सांगितलं, आणि मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकलं. रक्तदाबाची गोळी त्यांना जास्त होत होती. ती कमी झाली आणि रात्रीऐवजी सकाळी घ्यायची ठरली. आता ते चहाच्या आधी मला सांगतात, आज आली होती किंवा आज नाही आली. हल्ली बहुतेक नाही आली असंच असतं. नवऱ्याला मी ही गोष्ट मामाजींना विचारून, बऱ्याच दिवसांनी सांगितली.

अंगठ्याची सूज उतरली. सरळ दांडी त्यांच्या हाताला बसायला मात्र वेळ लागला, अजूनही घाईत असले की ट्रॅक्टर उजवीकडं धुऱ्यावर चढतो आणि ते त्याला व्हय व्हय म्हणून चुचकारतात. सुपारीची डबी त्यांनी मागून घेतली. ती टीव्हीखाली आहे, हलवायची नाही असा हुकूम आहे.

महिनाअखेरीचा रविवार आला तेव्हा नवऱ्यानं गाडीची चावी घेतली आणि विचारलं, “आबा, निघाचं?”

“आज वखरनी चालू हाये,” मामाजी टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले.

“मंग कधी?”

“पाहू पोयाले.” म्हणजे बैलपोळ्याला.

शिडी परत जागेवर गेली. पिशवी मात्र दाराजवळ तशीच राहिली. ती उघडताना कोणी दिसलं नाही, कोणी त्याबद्दल बोललं नाही. रोज झाडताना मी ती उचलते, खालची धूळ काढते आणि होती तिथेच ठेवते. परवा फरशी पुसताना उचलली तर हाताला हलकी लागली. मला बंद वस्तू बघवत नाही, तरी मी ती पिशवी न उघडता परत ठेवली. गॅलरीत गेले तर दोरीवर त्यांचा पंचा वाळत होता.